चष्म्याची बारा घरं

मंचरच्या बाजारपेठेतला पुनमचंद गुगळे विमानाचे सुटे भाग बनवतो, असं कुणाला सांगितलं तर ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग विचारेल, सकाळपासून काही पोटात गेलंय का. पण गोष्ट खरी आहे. विमानं लहान, हातात रिमोट धरून माळावर उडवायची, एवढाच काय तो फरक. लहान असली म्हणून ती पडायची थांबत नाहीत, उलट जास्तच पडतात. पडली की आधी नाक फुटतं. नाकावर इंजिन झाकणारी टोपी असते, तिला काउल म्हणतात. वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक फुगा असतो, ती कॅनॉपी. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं असतं, आणि एवढ्याशा टोपीपायी अख्खं विमान माळ्यावर धूळ खात पडतं. असे विमानवेडे नाशिकपासून कोईमतूरपर्यंत पसरलेत, आणि ते सगळे शेवटी पुनमचंदला फुटक्या तुकड्यांचे फोटो पाठवतात. त्यांच्यातल्या एकालाही त्यानं कधी पाहिलेलं नाही, एक डिंगोऱ्याचा गोकुळ सोडून.

दुकान वडिलांपासूनचं. पुढे बादल्या, पाइप, ताडपत्र्या, टोमॅटोचे क्रेट. मागच्या खोलीत मशीन. मशीन हा शब्दसुद्धा मोठाच झाला. एक लाकडी पेटी, तिच्या वरच्या फळीला बारीक भोकं, खालून घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी, आणि डोक्यावर पत्र्याच्या डब्यात हीटरच्या कॉइल. पेढ्याच्या खोक्यात बसणारे खाचांचे ट्रे करायला म्हणून त्यानं ते पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच जुळवलं होतं. पुढे तसले ट्रे मोठ्या कारखान्यांतून ढिगानं यायला लागले आणि मशीन कोपऱ्यात गेलं. ते तिथेच गंजलं असतं, पण पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली त्याची मुलगी खुशबू एका दिवाळीत कॉलेजच्या क्लबची फुटकी कॅनॉपी पिशवीत घालून घरी आली.

"पप्पा, तुमच्या पेढ्याच्या मशीनवर हे होईल का?"

झालं नाही. निदान पहिल्या तीन दिवसांत झालं नाही. आधी शिवणीच्या लाकडाचा साचा कोरायचा, तोही मूळ भागापेक्षा शीटच्या जाडीइतका लहान, नाहीतर तयार भाग विमानावर बसत नाही. मग प्लास्टिकची शीट चौकटीत धरून तापवायची. तापली की आधी तिच्यावर लाटा उठतात, मग ती ताणून सरळ होते, आणि मग मधोमध झोळ धरते. झोळ चार बोटं आला की चौकट झटकन साच्यावर दाबायची आणि व्हॅक्यूमचं बटण चालू करायचं. सूं करून हवा जाते आणि शीट साच्याला बिलगते. झोळ कमी आला तर कोपरे भरत नाहीत, जास्त आला तर सुरकुत्या पडतात. साच्याच्या कडा सरळ उभ्या ठेवल्या तर शीट थंड होऊन त्याला अशी आवळते की दोन्ही फोडल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून कडांना जरा ढाळ द्यायचा. हे सगळं बापलेकींनी चुका करून शिकून घेतलं. चौथ्या दिवशी कॅनॉपी निघाली. ती कॉलेजात गाजली, आणि मग फोटो यायला लागले.

कामाची वाटणी आपोआप झाली. साचे खुशबूचे, ताव पुनमचंदचा. लाकडावर हात फिरवून खुशबू डोळे मिटून सांगायची की इथे केसभर जास्त आहे. शीट साच्यावरचं सगळं उचलते, साधा ओरखडासुद्धा लपत नाही, त्यामुळे तिचा अंगठा पुनमचंदला मोजपट्टीपेक्षा भरवशाचा वाटायचा. तिची आई ती अकरावीत असतानाच गेली होती. शनिवार-रविवारी पोर घरी आली की मागच्या खोलीत करवत, पॉलिश पेपर आणि बोलणं असं तिन्ही एकदम चालायचं. पुनमचंदच्या आयुष्यातले ते सगळ्यात भरलेले दिवस होते, आणि ते त्याला तेव्हाही कळत होतं.

इंजिनिअरिंग झाल्यावर एका चातुर्मासात खुशबू रोज जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागी, जाऊन बसायला लागली. जैन साध्वी, म्हणजे महासतीजी, तिथे चार महिने मुक्कामाला होत्या. पुढचं वर्ष ती त्यांच्यासोबत पायी फिरली. मग एक दिवस येऊन तिनं दीक्षेसाठी परवानगी मागितली.

आईवडिलांच्या लेखी आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. आई नव्हती, म्हणजे सही एकट्याचीच. पुनमचंदनं ती केली. मुलीनं एकदा रेघ आखली की ती दुसऱ्यांदा मापत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि खरं सांगायचं तर त्याला ते पटलंही होतं, हीच तर अडचण. पटलं नसतं तर निदान भांडता आलं असतं.

घरातलं माणूस गेलं की लोक डोळे पुसायला येतात. इथे लोक हार घालायला आले. वाजतगाजत वरघोड्याची मिरवणूक निघाली, चौकात बॅनर लागलं, त्यावर पुनमचंदचा फोटो आणि खाली 'धन्य पिता'. भेटेल तो म्हणायचा, काका, भाग्य काढलंत. तो हात जोडून हसायचा. घरी आला की ते हसू उतरवायला त्याला वेळ लागायचा. आपल्याला मुलीची आठवण येते, हे त्याला चार वर्षांत एकाही माणसाजवळ बोलता आलं नव्हतं, कारण बोललं तर तिच्या त्यागाला उणेपणा आला असता. दुःखाला निदान दार तरी असावं लागतं ना, की आलं कुणी तर आत घेता येईल. याच्या दुःखाला तेही नव्हतं.

खुशबू आता साध्वी विरतीश्रीजी होती. फोन नाही, पत्र नाही, गाडीत बसणं नाही. पुनमचंद तिच्या जुन्या साच्यांवर भाग काढत राहिला. नवीन साचा लागणारं काम आलं की 'जमणार नाही' असं लिहून मोकळा व्हायचा. सकाळी स्टँडवर पोहे, दुपारी प्रयागबाईच्या खानावळीतून कांदा-लसूण-बटाटा वगळलेला डबा, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत त्याच डब्यातलं उरलेलं. गॅसवर फक्त चहा व्हायचा.

फाल्गुनातल्या एका शनिवारी संघाचा सेक्रेटरी जिनेश दुकानात आला. तिशीतला तरतरीत मुलगा, आनंदाच्या बातम्या सांगायला त्याला फार आवडतं.

"काका, गुरुवारी चार महासतीजी येतायत. नाशिककडे विहार चाललाय. एक दिवस आपल्याकडे मुक्काम, शुक्रवारी पुढे कळंब, नारायणगाव." मग जरा थांबून म्हणाला, "विरतीश्रीजी आहेत त्यात."

पुनमचंदच्या हातात ताडपत्रीचं टोक होतं. ते त्यानं नीट घडी करून खाली ठेवलं.

"सुख-साता आहे ना त्यांना?"

"आमची ही राजगुरुनगरला दर्शनाला गेली होती. सगळं छान आहे म्हणाली. फक्त त्यांच्या चष्म्याचं घर फुटलंय, दोऱ्यानं बांधून ठेवलंय."

जिनेश गेला आणि पुनमचंदच्या डोक्यात ते चष्म्याचं घर जाऊन बसलं. चार वर्षांत मुलीला आपल्या हातचं काही देता आलं नव्हतं. द्यायचं तरी काय, तिला लागतच नव्हतं काही. आणि आता एक वस्तू लागत होती, तीही अशी की ती करायला अख्ख्या तालुक्यात त्याच्याएवढा तयार माणूस नव्हता. तिनं ती आपल्या हातून घ्यावी, एवढंच त्याला हवं होतं. इतकं हवं होतं की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

कारण नियम त्याला ठाऊक होता. साधू-साध्वींसाठी म्हणून मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही. अन्न असो, वस्त्र असो, गृहस्थानं स्वतःसाठी केलेल्यातलंच थोडं ते घेतात. जैनाच्या घरात हे पोराला चालायच्या आधी कळतं. पण पुनमचंद व्यापाऱ्याचा मुलगा, नि व्यापाऱ्याचा नातू. नियम मोडायचा नाही, बाजूनं जायचं, याचं शिक्षण त्याला घरबसल्या मिळालेलं. त्यानं ठरवलं, घरं एक नाही, बारा करायची. दुकानात मांडायची, विकायची. अकरा विकली की जे उरेल ते दुकानातलं उरलेलं. त्यात मुद्दाम केलेलं कुठे आलं?

चार वर्षांनी त्यानं नवीन साचा कोरायला घेतला. खुशबूचा एक जुना चष्मा घरात होता, त्याचं माप घेतलं. विमानाच्या चाकांची झाकणं दोन अर्ध्या भागांत करतात तसं हेही दोन अर्ध्यांत करायचं, एक तळ, एक झाकण, कडेला टिचकीसरशी बसणारी खोबण. कामाच्या नादात तो कडांना ढाळ द्यायला विसरला आणि पहिलाच साचा शीटमध्ये अडकून बसला. फोडावा लागला. एवढ्या वर्षांत साचे कोरायची जबाबदारी आपली नव्हती, हे त्याला त्या फुटलेल्या लाकडाकडे बघताना पहिल्यांदा समजलं. त्यानं दुसरा केला. खुशबूच्या डाव्या डोळ्याचा नंबर फार, ती काच उजवीपेक्षा बरीच जाड. चष्मा घरात खडखडू नये म्हणून त्यानं साच्यात डावीकडचा भाग अधिक खोल धरला. सोमवारी संध्याकाळपर्यंत बाराही घरं निघाली. वजन म्हणाल तर हातात असून नसल्यासारखी.

मंगळवारी गोकुळ काउल न्यायला आला. वडिलांची टोमॅटोची शेती, आणि याचं निम्मं लक्ष आकाशात.

"शेठ, हे काय नवीन काढलं?"

"चष्म्याचं घर."

"लई हलकं हाय की. एक द्या. आमच्या आईचा चष्मा रोज उशीखाली दबतोय." त्यानं उघडून आत बोट फिरवलं. "एका अंगाला खोलगट लागतंय, शेठ. साचा चुकला व्हय?"

"चुकला असेल."

"तुमचा साचा चुकत न्हाई राव कधी," गोकुळ म्हणाला आणि काउल काखेत मारून गेला.

बाकीची घरं बुधवारपर्यंत गेली. दोन तर पुनमचंदनं बादली घ्यायला आलेल्या बाईच्या गळ्यातच मारली. एक उरलं. ते त्यानं मुद्दाम दुकानाच्याच फळीवर राहू दिलं, घरी नेलं नाही. रात्रभर मात्र तो एक वाक्य घोकत होता. दुकानात विकायला केली होती, अकरा गेली, एक उरलं. वाक्यातला एकेक शब्द खरा होता.

गुरुवारी चारही महासतीजी सकाळी आठच्या सुमारास गावात आल्या. स्थानकात पुनमचंदनं इतरांबरोबर ओळीत उभं राहून तीन वेळा वंदना केली. ती पंधरा हातांवर होती. उन्हानं रापलेली, वाळलेली, तोंडावर पांढरी मुहपत्ती, पायांच्या टाचा भेगाळलेल्या. तिनं सगळ्यांकडे पाहिलं तसंच त्याच्याकडे पाहिलं. जास्त नाही, कमीही नाही. पुनमचंदला माहीत होतं की असंच असतं.

साडेदहाला त्या गोचरीला निघाल्या. गोचरी म्हणजे घरोघर फिरून थोडं थोडं अन्न घेणं. पुनमचंदच्या दारात मोठ्या महासतीजी आल्या, त्यांच्यामागे विरतीश्री, आणि सोबतीला जिनेशची बायको. ती उंबऱ्याबाहेर थांबली.

"दया पालो," मोठ्या महासतीजी म्हणाल्या.

"पधारा," तो म्हणाला. दुसरं काही सुचेना.

पहाटे पाचला उठून त्यानं स्वयंपाक केला होता. मुगाची खिचडी, कढी, दुधी भोपळ्याची भाजी, पोळ्यांची चळत, उकळून गार केलेल्या पाण्याचा हंडा. एकेका भांड्यावरचं झाकण उचलून तो दाखवत होता. विरतीश्रीच्या हातातल्या झोळीत लाकडी पात्रं होती. तिनं ओट्याकडे पाहिलं, पोळ्यांकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"घरात किती जण?"

"मी एकटाच."

"एकट्याला एवढ्या पोळ्या लागतात?"

त्यानं पोळ्यांच्या चळतीकडे पाहिलं.

"काल केल्या होत्या?"

"काल डबा होता."

"पाणी रोज उकळता?"

"नाही. आज सकाळी उकळलं."

तिनं मान हलवली आणि पात्रावरचं फडकं पुन्हा नीट झाकलं. रागानं नाही. ही चौकशी त्या प्रत्येक घरात करतात, तशीच तिनं केली होती. पण पुनमचंदला आपलं घर तिच्या डोळ्यांनी दिसलं. त्या घरात त्या दिवशी जे काही होतं ते तिच्यासाठीच होतं, म्हणून त्यातलं काहीही तिला चालत नव्हतं. आणि आपल्यासाठी म्हणून केलेलं असं त्या घरात घासभरसुद्धा नव्हतं.

मग त्यानं सकाळी दुकानातून आणलेलं ते चष्म्याचं घर स्टुलावर ठेवलं.

"हे आपल्या दुकानातलं आहे. जिनेशच्या घरातून कळलं, आपल्याकडचं फुटलंय."

विरतीश्रीनं मोठ्या महासतीजींकडे पाहिलं. त्यांनी होकार दिल्यावर तिनं ते उचललं. उघडलं, मिटलं. खोबण टिचकीसरशी बसली. पुन्हा उघडून तिनं ते खिडकीच्या उजेडात धरलं, आणि तिचा अंगठा आतल्या कडेवरून फिरायला लागला. पुनमचंदनं तो अंगठा ओळखला. सगळं बदललं होतं, कपडे, केस, नाव, चालणं. अंगठा तोच होता.

"जाडी?" तिनं विचारलं.

"पाऊण मिलिमीटर."

"कडांना ढाळ?"

"दिलाय. पहिल्यांदा विसरलो होतो. साचा अडकला."

"फोडावा लागला?"

"लागला."

मुहपत्तीच्या वर तिचे डोळे बारीक झाले. ती हसली की नाही ते दिसायला मार्ग नव्हता, पण ती हसली असं पुनमचंदनं धरून टाकलं. तेवढ्या चार शब्दांपुरता तो कुणाशी बोलतोय ते पार विसरला होता. शनिवार होता, पोर घरी आली होती, करवतीचा भुसा उडत होता.

"किती केलीत?" तिनं विचारलं.

"बारा. दुकानात विकायला केली होती. अकरा गेली, एक उरलं." घोकलेलं वाक्य बरोबर बाहेर आलं.

तिचा अंगठा डावीकडच्या खोलगट भागात जाऊन थांबला होता. उजवीकडे गेला, परत डावीकडे आला.

"बाराही गिऱ्हाइकांच्या डाव्या डोळ्याचा नंबर जास्त आहे का?"

मोठ्या महासतीजींनी मान वर केली. साचा चुकला, असं पुनमचंद म्हणू शकत होता. गोकुळला तेच सांगितलं होतं, आणि ते पचलंही होतं. दोन शब्दांचं काम. ते शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि समोर उभ्या असलेल्या त्या वाळक्या, रापलेल्या, सगळं सोडून आलेल्या पोरीकडे बघून तिथेच अडले. हिच्याशी खोटं बोलून दिलेली वस्तू हिच्या झोळीत जाणार, रोज हिच्याबरोबर पाच-सात कोस चालणार. तो ते करू शकेना.

"नाही," तो म्हणाला.

"मग साचा कुणाच्या मापाचा?"

"तुझ्या," तो म्हणाला, आणि लगेच सावरून, "आपल्या."

तिनं घर मिटलं आणि होतं तिथे स्टुलावर ठेवलं.

"आम्हाला कल्पत नाही." म्हणजे घेता येत नाही.

"बरोबर आहे," पुनमचंद म्हणाला. त्याचं त्यालाही माहीत होतं की बरोबर आहे. तरी रडू येऊ नये म्हणून तो उगाच खिचडीवरचं झाकण सारखं करत बसला.

आता त्यांनी निघायचं. पण विरतीश्री निघाली नाही. ती ओट्याकडे बघत होती. फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. खुंटीला टांगलेला रिकामा डबा.

"डबा कुठून येतो?"

"स्टँडजवळच्या खानावळीतून."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

तिनं मोठ्या महासतीजींच्या कानाशी काही विचारलं. त्यांनी पुनमचंदकडे एकवार नीट पाहिलं आणि मान डोलावली.

"पुनमचंदजी, एखादा नियम घ्याल?" विरतीश्रीनं विचारलं.

साध्वी श्रावकांना नियम देतात, कुणाला उपवासाचा, कुणाला चहा सोडण्याचा. दिलेलं नाकारलं तर निदान आपल्या पदरी काहीतरी पडावं म्हणून ही काहीबाही देणार, असं त्याला वाटलं. त्यानं हात जोडले. "द्या."

"बाहेरचं खायचं नाही. हॉटेल नाही, खानावळ नाही, डबा नाही. दुसऱ्याच्या घरचं मागवलेलंही नाही. आपल्या घरात होईल तेवढंच."

पुनमचंदला ते उमगायला क्षणभर लागला. साध्वीला कुणाला 'स्वयंपाक करा' असं सांगता येत नाही, चूल पेटवा म्हणणं त्यांच्या व्रतात बसत नाही. त्यांना फक्त 'सोडा' एवढंच म्हणता येतं. बापाला दोन वेळा नीट जेवायला सांगायचं, तर तिच्याजवळ हा एकच रस्ता होता, आणि तिनं तो शोधून काढला होता. शेवटी तीही व्यापाऱ्याचीच मुलगी.

"किती काळाचा?" तिनं विचारलं. काळ घेणाऱ्यानं सांगायचा असतो.

"आपले पाय परत या घराला लागतील तोवर."

"आमच्या येण्याचं काही सांगता येत नाही."

"मग तोवर."

तिनं डोळे मिटून पच्चक्खाणाचा, म्हणजे नियम देण्याचा, पाठ म्हणायला सुरुवात केली. रोज कितीतरी जणांना ती तो देत असेल. मधे एके ठिकाणी ती थांबली, मागच्या शब्दापासून परत सुरू केला आणि पुरा केला. पुनमचंद शेवटी "वोसिरामि", म्हणजे सोडतो, असं म्हणाला. त्यानं डोळे उघडले तेव्हा ती उंबऱ्याबाहेर पोचली होती. पात्रं जशी आली होती तशीच रिकामी गेली.

दुपारभर तो घरात बसून राहिला आणि बऱ्याच वर्षांनी मोकळेपणी रडला. मग तोंड धुऊन प्रयागबाईच्या खानावळीत गेला.

"उद्यापासून डबा नको, बाई."

"का वो शेठ? मीठ जास्त झालं व्हतं का?"

"तसं काही नाही. नियम घेतलाय."

"किती दिसाचा?"

"ठरलं नाही."

प्रयागबाईनं कणकेचे हात झटकले. "एकट्या माणसाला सैपाक जमतोय व्हय? सोमवारपातुर याल परत."

"नाही यायचा," पुनमचंद म्हणाला.

शुक्रवारी दिवस उगवल्यावर महासतीजी निघाल्या. वेशीपर्यंत पोचवायला संघातली पंधरावीस माणसं गेली, त्यांत तोही होता, सगळ्यांच्या मागे. वेशीवर त्यांनी निरोपाचा मंगलपाठ, मांगलिक, ऐकवला. चार पांढरी वस्त्रं हायवेच्या कडेनं ट्रकांच्या धुळीतून पुढे गेली. कोणतं वस्त्र तिचं, ते त्याला थोड्या वेळानं सांगता येईना.

घरी येऊन त्यानं कणीक मळली, आपल्यापुरती. पहिली पोळी वातड झाली, दुसरी करपली, तिसरी बरी जमली. वाटीभर मुगाची डाळ शिजवली, त्यात मीठ घालायला विसरला, मग घातलं. दहा वाजून गेले होते. ताट वाढून तो बसला. जेवायला बसलेल्या श्रावकानं पहिला घास घ्यायच्या आधी क्षणभर थांबावं, दाराकडे बघावं, आत्ता कुणी साधू-साध्वी दारी आले तर किती बरं, असं मनात आणावं, अशी रीत आहे. त्याला ती त्याची आई शिकवून गेली होती. डब्यापुढे बसताना त्यानं ती कधी पाळली नव्हती.

आज तो थांबला. दार त्यानं उघडंच ठेवलं होतं. ताटात दोन पोळ्या होत्या, डाळ होती, त्यानं स्वतःसाठी केलेली. कुणासाठी केली म्हणून विचारलं असतं तर माझ्यासाठी, असं त्याला सांगता आलं असतं, आणि तिला ती खुशाल घेता आली असती. ती आता कळंबच्याही पुढे गेली असेल. पुनमचंद दाराकडे बघत रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबला. आलं कुणी नाही. मग तो जेवला.